पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेला समजेल असा कसा मांडावा?

शिवारफेरी (प्रश्न)

नमस्कार. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावाच्या पाणी समितीत मी काम करतो. परतीचा पाऊस संपला की आम्ही पाण्याचा ताळेबंद तयार करतो. किती पाऊस पडला, त्यातले किती पाणी वाहून गेले, किती मुरले, बंधाऱ्यांत किती साठले आणि पिण्याचे व जनावरांचे पाणी राखून ठेवल्यावर रब्बीसाठी किती उरते, हे सारे त्यात असते. परंतु हिशेब टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये असतो. ग्रामसभेत तो वाचून दाखवला की लोक शांतपणे ऐकतात, सह्या करतात आणि ज्याला जेवढा कांदा लावायचा असतो तेवढा तो लावतोच. मागच्या वर्षी मी वर्तुळाकार आलेख काढून त्याच्या प्रती वाटल्या. झेरॉक्स काळी-पांढरी निघाल्यामुळे सगळ्या फाका एकसारख्या करड्या दिसत होत्या, आणि त्या रंगीत असत्या तरी त्यावरून कोणी पीक बदलले असते असे मला वाटत नाही. यंदा पाणी किती पिकांना पुरेल हे पाहणाऱ्याला स्वतःहून दिसावे, यासाठी हा हिशेब कसा मांडावा?

पाणलोट

चित्र काढण्याआधी एकक बदला, असे मी सुचवेन. 1 हेक्टरवर 1 मिलीमीटर पाऊस पडला तर ते पाणी 10 घनमीटर, म्हणजेच 10,000 लिटर होते. उन्हाळ्यात दहा हजार लिटरच्या टँकरची वाट पाहिलेल्या गावाला हे माप वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकर आणि इंचात बोलायचे तर एकरभर रानावर इंचभर पाऊस म्हणजे जवळजवळ 10 टँकर.

आता हेच माप पिकाला लावा. एका पाळीला, म्हणजे पिकाला एकदा पाणी देण्याला, दोन इंच पाणी धरले तर एकरी 20 टँकर लागतात. दोन पाळ्यांवर निघणाऱ्या ज्वारीला 40 टँकर, तर दहा पाळ्या घेणाऱ्या कांद्याला 200. म्हणजे एक एकर कांद्याच्या पाण्यात पाच एकर ज्वारी येते. जमिनीप्रमाणे आकडे बदलतील, तुमच्या शिवारातल्या पाळ्या तुम्हीच मोजून घ्या; पण एक चौकोन म्हणजे एक एकर धरून फलकावर एका बाजूला कांद्याचा एक चौकोन आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचे पाच चौकोन काढले, तर ज्या निवडीसाठी सभा भरली आहे ती निवडच समोर दिसेल. तुमच्या वर्तुळात पाणी कुठे गेले ते होते. शेतकऱ्याला मात्र आपण काय पेरावे हे ठरवायचे असते. तुमच्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये ताळेबंद टिकला, त्याचे एक कारण मला हेच वाटते की तेथे पावसाच्या हिशेबावरून थेट पिकांचा निर्णय होतो आणि पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते.

आलेखवही

मी संख्याशास्त्र शिकवते. वरील सूचना योग्यच आहे, परंतु टँकरची किंवा हंड्याची चित्रे काढताना एक चूक हमखास होते, तेवढी टाळा. दुप्पट पाणी दाखवण्यासाठी हंडा दुप्पट उंच काढला की तो रुंदीलाही दुप्पट होतो, कागदावर चौपट जागा व्यापतो आणि खरी भांडी मनात आणणाऱ्याला तर आठपट मोठा भासतो. 1920च्या दशकात व्हिएन्नामध्ये ओटो नॉयराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य नागरिकांसाठी सामाजिक आकडेवारीची चित्रे तयार केली, तेव्हा त्यांनी नियमच घालून घेतला होता की जास्त संख्या मोठ्या चित्राने दाखवायची नाही, त्याच आकाराची चित्रे जास्त वेळा काढायची. म्हणजे मोजता येते, आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही मोजता येते.

वर्तुळाकार आलेख सोडून दिलेलाच बरा. क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की एकाच पट्टीवरची स्थाने माणसे सर्वांत अचूक ताडतात आणि कोनांच्या बाबतीत, जसे वर्तुळातल्या फाकांचे, अधिक चुकतात. म्हणून स्तंभ काढा, ते एका रेषेवर उभे करा आणि शून्यापासूनच सुरू करा.

निरीक्षण विहीर

विहिरींच्या नोंदी असतील तर त्यांचा आलेख अवश्य काढा, मात्र अक्ष उलटा ठेवा. आपण जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मोजतो, त्यामुळे पाणी घटले की आकडा वाढतो. हा आकडा नेहमीच्या आलेखात घातला तर मे महिन्यात रेघ वर चढते आणि पाहणाऱ्याला पाणी वाढल्यासारखे वाटते. माझ्या हातून हे झाले आहे, आणि एका वयस्कर शेतकऱ्याने सभेत उभे राहून ते दाखवून दिले होते.

त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर विहीरच रंगवा. वरती काठ, खाली तळ, एका फुटाला एक इंच, आणि दर महिन्याला पाण्याची रेघ ओढायची. 2018 मध्ये राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्या वर्षाची तुमच्याकडे नोंद असेल तर तिची रेघ कायमच्या रंगाने ओढून ठेवा. यंदाची रेघ तिच्या किती वर किंवा खाली आहे, हे येता-जाता दिसेल.

बांधावरून

ग्रामपंचायतीच्या भिंतीसमोर बायका क्वचितच थांबतात, आणि पिण्याच्या पाण्याचा भार तर त्यांच्यावरच असतो. आमच्याकडे पाणलोटाच्या कामात देवळासमोर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढला होता. ओढा, बंधारे, विहिरी मांडल्या आणि ज्या विहिरी आधी आटतात त्यांवर खडे ठेवायला सांगितले. खडे ठेवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. एका विहिरीवरून वाद झाला, खडा दोनदा उचलून परत ठेवला गेला, आणि त्या वादातून आमच्या नोंदवहीतली एक चूक दुरुस्त झाली. छापील आलेखावरचा खडा कोणाला उचलता येत नाही.

शिवारफेरी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कोजागरीनंतरच्या ग्रामसभेआधी देवळासमोर रांगोळीचा नकाशा काढून त्याच्या कडेला टँकरच्या चौकोनांची रांग मांडायची, असे समितीत ठरले आहे. एक शंका राहते. पाऊस आम्ही मोजतो, पण मुरलेले पाणी हा अंदाज आहे, आणि चित्रात दोन्ही सारखेच पक्के दिसतील.

आलेखवही

मग ते सारखे दाखवू नका. मोजलेल्या पाण्याचे चौकोन भरीव ठेवा, अंदाजाच्या पाण्याचे नुसते बाह्यरेषेचे ठेवा, आणि पिके ठरवताना आधी भरीव चौकोन वापरायला सांगा.