दहा हजार पावलं भरली नाहीत की अख्खा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. हे सैल कसं करायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. वय ४७, राहणार नाशिक, शाळेच्या ऑफिसात हिशेबाचं काम. मार्चमध्ये रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. चाला, भात आणि गोड कमी करा, झोप नीट घ्या. त्यांनी सोपं सांगितलं, अवघड मी करून ठेवलंय.

मुलाने हातातलं घड्याळ घेऊन दिलं, त्यात दहा हजार पावलांचं टार्गेट. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते, पण हल्ली पावसाने खाडे होतात. मग रात्री अकराला घड्याळ ९,२०० दाखवतं आणि मी सोफ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत येरझारा घालते. आमचे हे म्हणतात, "अगं झोप आता, खालचे लोक वर येतील." झोप लागेपर्यंत साडेबारा, आणि पाचचा गजर आहेच.

डायरीत रकाने आखलेत: पावलं, पाणी, पोळ्या, झोप. खाडाखोड झाली की पान फाडून नव्याने लिहिते. आणि खरी गंमत पुढेच आहे. ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाला केकचा तुकडा खाल्ला, की "आजचा दिवस गेलाच" म्हणून संध्याकाळी वडापावही खाते. मग आता सोमवारपासून. तो सोमवार कधी कधी पंधरा दिवसांनी उगवतो.

स्वभाव जुनाच. पोळी फुगली नाही की ती माझ्या ताटात, दुसऱ्या कोणाला वाढायची नाही. पूर्वी याचं कौतुक व्हायचं, आता गुडघे कुरकुरतात. "एवढं मनावर घेऊ नकोस" हा सल्ला कृपया नको, तो घरात फुकट मिळतो. ज्यांनी हे खरंच सैल केलंय, त्यांनी नेमकं काय केलं?

खमंग थालीपीठ
ते घड्याळ मला पाठवा, आमच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधते, दुपारपर्यंत टार्गेट पूर्ण. :) बाकी ते पान फाडणं मात्र आजच बंद करा हो.

निवृत्त कंट्रोलर
ताई, मी एसटीत कंट्रोलर होतो, कराडकडे. साखर २००४ पासून आहे. गोळ्यांवर भागतंय, इन्सुलिन अजून नाही.

आधी त्या दहा हजारांचं सांगतो. हा आकडा कुठल्या अभ्यासातून सिद्ध होऊन आलेला नाही. १९६५ साली जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलं. आदल्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालेलं, लोकांना व्यायामाची हौस आलेली. विकायला गोल आकडा बरा पडतो. तोच आज तुमच्या मनगटावर बसलाय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून जास्त वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. मग रात्रीचे ते शेवटचे आठशे तुम्ही कोणासाठी चालताय?

मी दिवसाचा हिशेब बंद करून आठवड्याचा धरला. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याचंच बोलते: १५० ते ३०० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा बेताने. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली. रविवारी रात्री बेरीज करायची. १३० भरली तर १३० लिहायची. राहिलेली वीस पुढच्या आठवड्यात ओढायची नाहीत. तुम्ही हिशेबवाल्या, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करा. जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते, मी घरच्या मशीनवर पाहिलंय.

आणि केकबद्दल. पहाटेची गाडी घाटात अडकून तासभर उशिरा आली, म्हणून आम्ही दिवसभराच्या फेऱ्या रद्द करत नव्हतो. उशीर शेऱ्यात लिहायचा आणि पुढची गाडी टायमावर सोडायची. केक खाल्ला ना, मग शेऱ्यात लिहा, केक. वडापावचा त्याच्याशी काय संबंध?

काटेकोर
काका, थोडा विरोध करतो. तो अभ्यास मृत्यूबद्दलचा आहे, साखरेबद्दलचा नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ७२. सत्तेचाळिशीत गुडघे साथ देत असतील तर जास्त चालून बिघडत नाही. आणि माझ्यासारख्याला "आठवड्यात कधीतरी" अशी सूट दिली, की शनिवारपर्यंत काही होत नाही.

मी आकडा सोडला नाही, दोन ठेवले. एक तळाचा: काहीही झालं तरी वीस मिनिटं. एक वरचा: रात्री साडेनऊनंतर चालायचं नाही, घड्याळ काहीही दाखवो. वरचा पाळणं मला जास्त जड गेलं. ९,७०० वर चप्पल काढून ठेवायची म्हणजे अंगाला खाज सुटायची अक्षरशः.

निवृत्त कंट्रोलर
वयाचा मुद्दा मान्य. साडेनऊचं कलम मलाही आवडलं.

गोदाकाठ
काका, "पुढच्या आठवड्यात ओढायची नाहीत" वाचून हसू आलं, कारण मी अगदी हेच करते. मंगळवारची तूट बुधवारी, बुधवारची गुरुवारी, शनिवारी आकडा असा काही होतो की मी ट्रॅककडे फिरकतच नाही. तर आठवड्याची बेरीज आणि साडेनऊची वेळ, दोन्ही घेते. वीस मिनिटांचं बघू.

पान फाडलं नाही काल. तारीख चुकली होती, खोडून वर लिहिली. रात्री झोपताना उठून परत बघितली, एवढं कबूल करते.

एक शंका. श्रावणी सोमवार आलेत. साबुदाण्याची खिचडी कुठल्या रकान्यात बसवायची?

निवृत्त कंट्रोलर
रकाना नवा आखू नका! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, साखर भरकन चढते. वाटीभर घ्या, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर. भगर केलीत तरी तीही चढवतेच, तेव्हा उपासाची म्हणून पोटभर नको.

खमंग थालीपीठ
सगळे साखरेवर बोलताय, गुडघ्यांचं कोणीच विचारलं नाही. गोदाकाठ, जिना उतरताना दुखतात की सपाटीवरही? सपाटीवरही दुखत असतील तर चालणं वाढवायच्या आधी एकदा दाखवून घ्या. आणि ट्रॅकवर चपला घालून जाता की बूट?