मदत हवी आहे: लॉयलिस्ट पूर्वजांच्या साखळीतला एक दुवा जुळत नाही (ऑन्टारियो, १७८४ ते १८६२)

नमस्कार मंडळी,

गेली सोळा वर्षं मी ऑन्टारियोत राहते. नवरा इथलाच. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. आपलं माहेरचं घराणं लॉयलिस्ट, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. त्याचे कागद जुळवून युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स असोसिएशनचं प्रमाणपत्र हातात यावं, अशी त्यांची फार इच्छा आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी त्या कामाला लागले आहे. पाच दुवे जोडायचे होते. तीन पक्के झाले, चौथ्यावर अडकले आहे. इथे मोडी वाचणारे, कुलवृत्तांतावर काम केलेले आणि कॅनडात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन क्रांतीत जे वसाहतवासी ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिले ते लॉयलिस्ट. यॉर्कटाउनला १७८१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली आणि युद्धाचा निकाल लागल्यात जमा झाला. (पुढे श्रीरंगपट्टणच्या स्वारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा ज्याच्या सोबत होत्या, तोच हा कॉर्नवॉलिस. आपल्याकडे सालबाईचा तह होत होता तो हा काळ.) १७८३ च्या पॅरिसच्या तहानंतर या लोकांना घरदार सोडावं लागलं. बरेच नोव्हा स्कॉशियाकडे गेले, काही क्वेबेकमध्ये आले. सासूबाईंच्या घरात सांगतात की त्यांचा मूळ पुरुष हडसन खोऱ्यातल्या डच घराण्यातला, सर जॉन जॉन्सनच्या किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्कमधला शिपाई. सोरेलच्या छावणीत हिवाळा काढून १७८४ साली होड्यांनी सेंट लॉरेन्स नदीतून वर आला आणि बे ऑफ क्विंटीच्या काठी फ्रेडरिक्सबर्गला त्याला जमीन मिळाली. फ्रेडरिक्सबर्ग म्हणजे तेव्हाचं ‘थर्ड टाउन’, कारण गावांना नावं मिळण्याआधी नुसते नंबर होते.

आता जुळलेलं सांगते. सासूबाईंचे वडील १९०४ चे, त्यांचा जन्मदाखला मिळाला. आजोबा १८६५ चे. ऑन्टारियोत जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून सुरू झाली, त्यामुळे त्यांचा दाखला नाही. पण त्यांच्या लग्नाच्या नोंदीत आईवडिलांची नावं आहेत. पणजोबा १८१४ चे. आजोबा त्यांच्या दुसऱ्या बायकोपासून झालेले, म्हणून दोन पिढ्यांत एवढं अंतर. १८७१ च्या जनगणनेत ते सत्तावन्न वर्षांचे आहेत आणि मूळ वंशाच्या रकान्यात ‘डच’ लिहिलं आहे.

घरातल्या बायबलमध्ये जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे कुटुंबाच्या नोंदींची पानं आहेत. शाई तपकिरी पडली आहे. पणजोबांच्या ओळीत ‘३ मार्च १८१४, फ्रेडरिक्सबर्ग’ एवढंच आहे आणि त्यातला शेवटचा चार कोणीतरी दुसऱ्या शाईने पुन्हा गिरवला आहे. आईचं नाव नाही. सासूबाई म्हणतात की पणजोबांची आई हीच त्या शिपायाची मुलगी. म्हणजे साखळी एका बाईवरून जाते, आणि नेमकी तीच सापडत नाही.

एक कागद मात्र असा हाती लागलाय की तो वाचून मी रात्री झोपले नाही. लॉयलिस्टांच्या मुलामुलींना सरकारने प्रत्येकी २०० एकर जमीन द्यायचं ठरवलं होतं: मुलग्यांना एकविसाव्या वर्षी, मुलींना सज्ञान झाल्यावर किंवा लग्न झाल्यावर. त्यासाठी अर्ज करावा लागे. ते अप्पर कॅनडा (म्हणजे आजच्या ऑन्टारियोचं तेव्हाचं नाव) लँड पिटिशन्स आज ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या मायक्रोफिल्म घरबसल्या बघता येतात. त्यात १८११ चा एक अर्ज आहे. अर्जदार बाई आहे. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि पुढे ‘फ्रेडरिक्सबर्गच्या अमक्याची मुलगी, यू. ई.’ (‘युनिटी ऑफ एम्पायर’, लॉयलिस्टांच्या नावापुढे लागणारी अक्षरं). आमच्या माहेरच्या कुलवृत्तांतात माझ्या आत्यांची नुसती संख्या दिली आहे, नावं नाहीत. इथे दोनशे वर्षांपूर्वीची एक शेतकऱ्याची लेक स्वतःच्या हक्काची जमीन मागतेय आणि खाली फुली मारतेय.

अडचणी दोन. ही बाई पणजोबांचीच आई, हे सिद्ध करणारा कागद नाही. नवऱ्याचं नाव जुळतं, पण ते नाव फार सर्रास होतं. दुसरं म्हणजे तिच्या वडिलांच्या नावाचे दोन लॉयलिस्ट त्याच भागात होते, बहुधा चुलता-पुतण्या. एका वंशावळीच्या साइटवर कोणीतरी दोघांना एकच माणूस करून टाकलंय, आणि तीच चूक पन्नास जणांनी उतरवून घेतली आहे. तिथे लिहून विचारलं, उत्तर नाही.

आडनाव इथे देत नाही, त्या घरातली माणसं आजही तिथे राहतात. मदत करू शकणाऱ्यांनी व्यनि (खासगी निरोप) करावा, कळवते. कुठे शोधू?

प्रतिसाद १

आधी एक खात्री करून घ्या. १७९२ मध्ये अप्पर कॅनडाचा लेफ्टनंट गव्हर्नर सिम्कोने जमिनीचं आमंत्रण दिल्यावर अमेरिकेतून जे आले त्यांना इथे ‘लेट लॉयलिस्ट’ म्हणतात. ते जमिनीसाठी आले होते, त्यांना यू. ई. लागत नाही. तुमच्या बाईच्या अर्जावर यू. ई. लिहिलंय म्हणजे वडिलांचं नाव लॉयलिस्टांच्या सरकारी यादीत असणार. तरी यादी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टरच्या ९ नोव्हेंबर १७८९ च्या आदेशावरून ज्या याद्या झाल्या, त्यात पुष्कळदा नावापुढे रेजिमेंटचा शेरा असतो. दोन सारख्या नावांची माणसं तिथेच वेगळी होऊ शकतील.

प्रतिसाद २

मी टोरोंटोत असते, गेली काही वर्षं हाच उद्योग करतेय. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद तुम्हाला सापडत नसेल तर त्यात नवल नाही. त्या भागातले अँग्लिकन पाद्री जॉन लँगहॉर्न १७८७ ला आले आणि १८१३ मध्ये इंग्लंडला परत गेले. त्यांच्या नोंदी छापलेल्या आहेत, सगळे त्यातच शोधतात. तुमचे पणजोबा १८१४ चे! त्यांच्या थोरल्या भावंडांसाठी मात्र लँगहॉर्नची वही जरूर चाळा.

आणि घराणं डच आहे ना? मग रॉबर्ट मॅकडॉवल बघा. हे प्रेस्बिटेरियन पाद्री, डच रिफॉर्म्ड चर्चने पाठवलेले. पूर्वी अप्पर कॅनडात लग्न लावायचा अधिकार पाद्र्यांपैकी फक्त अँग्लिकनांना होता. १७९८ च्या कायद्याने तो प्रेस्बिटेरियन आणि लुथरन पाद्र्यांनाही मिळाला, मेथडिस्टांना त्यानंतर तीसेक वर्षं थांबावं लागलं. म्हणून मेथडिस्ट कुटुंबांची लग्नंसुद्धा मॅकडॉवलकडे नोंदलेली दिसतात. बाईचं लग्न १८११ च्या आधीचं आहे, तेव्हा तिथे असण्याचा बराच संभव आहे. आईवडिलांची नावं त्यात मिळणार नाहीत, पण तारीख मिळेल.

मुख्य मुद्दा पुढे. पणजोबांचं दुसरं लग्न कधी झालं? आजोबा १८६५ चे, म्हणजे १८६० च्या आसपास. मग तुम्ही नशीबवान आहात. १८५८ पासून ऑन्टारियोत काउंटीवार लग्नाची रजिस्टरं आहेत आणि त्यात वर-वधू दोघांच्या आईवडिलांची नावं लिहिलेली असतात. वर पन्नाशीचा असला तरी. पहिल्या लग्नाचा कागद मिळत नाही म्हणून लोक रडत बसतात आणि दुसऱ्या लग्नाकडे बघतच नाहीत. मृत्यूच्या नोंदीवर वेळ घालवू नका, त्या काळच्या नोंदींत आईवडील नसतात.

प्रतिसाद ३

कॅनडातलं मला काही ठाऊक नाही. मी पुण्यात पेशवे दप्तरातले मोडी कागद वाचतो, त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

अर्ज अर्जदाराने लिहिलेला नाही, कारकुनाने लिहिला आहे. त्यामुळे आधी कारकून ओळखा. त्याच हाताचे आठ-दहा अर्ज काढून त्यातल्या स्पष्ट शब्दांवरून त्याच्या अक्षरांचा तक्ता करा: तो ‘एस’ कसा काढतो, शब्द तोडताना काय करतो, कोणतं अक्षर वर उचलतो. मग अवघड शब्दाकडे या. आपण उलट करतो, शब्दाकडे टक लावून बसतो, आणि मनात असतं तेच दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट निशाणीची. आपल्या महजरांवर ज्याला लिहिता येत नाही तो ‘निशाणी नांगर’ करतो आणि शेजारचा सही करतो. तुमच्या त्या दोन सारख्या नावांच्या माणसांपैकी एक सही करणारा आणि दुसरा फुली मारणारा असेल, तर वेगवेगळ्या कागदांवरून ते ओळखता येतील. साक्षीदार कोण आहेत तेही लिहून काढा. साक्षीला शेजारी आणि सोयरेच येतात, तिकडेही वेगळं नसणार.

प्रतिसाद ४

कोणाचं मन दुखवायचं नाही, पण मनात आलेलं विचारतो. ती जमीन आधी कोणाची होती? आणि लॉयलिस्टांमध्ये गुलाम बाळगणारेही होते. त्याचं प्रमाणपत्र कशासाठी?

धागाकर्ती

प्रश्न योग्य आहे. बे ऑफ क्विंटीच्या काठची जमीन मिसिसागा लोकांची. १७८३ च्या शरद ऋतूत कॅप्टन क्रॉफर्डने ती त्यांच्याकडून बंदुका, दारूगोळा, कपडे असल्या वस्तूंच्या बदल्यात घेतली आणि दुसऱ्याच वर्षी तिथे लॉट पाडले गेले. गुलामगिरीचंही खरं आहे. लॉयलिस्टांनी माणसं ‘मालमत्ता’ म्हणून सोबत आणली, आणि इंग्रजांच्या आश्रयाला आलेले तीन हजार कृष्णवर्णीय लॉयलिस्ट न्यूयॉर्कहून नोव्हा स्कॉशियाला गेले, त्यांची नोंदवही वेगळी आहे. त्यांच्यातले बाराशेच्या आसपास लोक पुढे १७९२ मध्ये सिएरा लिओनला निघून गेले. सासूबाईंनी हे सगळं आमच्या वहीत लिहायला लावलं आहे. पहिल्या पानावर क्रॉफर्डच्या व्यवहाराची नोंद आहे, शिपायाचं नाव त्यानंतर येतं. नातवंडांना जे द्यायचं ते पूर्ण द्यायचं, असं त्या म्हणतात. पणजोबांच्या आईचं नाव कुठल्याच थडग्याच्या दगडावर नाही, ते निदान कागदावर यावं, एवढ्यासाठी त्यांना प्रमाणपत्र हवंय.

प्रतिसाद २, तुमचे उपकार कसे मानू? पुढची बातमी काल रात्रीची आहे.

लेनक्स आणि अॅडिंग्टन काउंटीच्या रजिस्टरात १८६२ ची नोंद सापडली. वर, वय ४८, जन्म फ्रेडरिक्सबर्ग. वडिलांचं नाव आहेच, आणि पुढे आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट! स्पेलिंग वेगळं आहे, आमच्याकडे जमलेलं हे पाचवं स्पेलिंग, पण उच्चार तोच. १८११ च्या अर्जातलीच ती. सासूबाईंना सकाळी फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि मग म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या बहिणीचं मधलं नाव हेच आहे, ते कोणावरून ठेवलं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे चौथा दुवा जुळला. आता पाचवा.

यादीत दोघेही आहेत. एकाच्या पुढे रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्कचा सार्जंट असा शेरा आहे. दुसरा, वयाने मोठा, जेसपच्या लॉयल रेंजर्समधला साधा शिपाई, आधी शेजारच्या अर्नेस्टाउनमध्ये होता. जमिनीतही फरक पडतो, कारण सुरुवातीच्या वाटपात सार्जंटला २०० एकर आणि शिपायाला १०० एकर ठरलेली होती. सही-फुलीची युक्तीही लागू पडली: सार्जंट स्वच्छ सही करतो, रेंजर्सवाला फुली मारतो. पण मुलीच्या अर्जावर वडिलांची सही असायचं कारणच नाही, त्यामुळे तिथे ती उपयोगी पडत नाही.

अर्जात वडिलांच्या नावानंतर एक तोडलेला शब्द आहे. सुरुवातीला ‘एस’ आणि ‘ई’ स्पष्ट. मग दोन-तीन खालीवर वळणं. शेवटचं अक्षर लहान करून वर उचललेलं. ते ‘टी’ असेल तर शब्द ‘सार्जंट’, ‘आर’ असेल तर ‘सीनियर’. सार्जंट निघाला तर घरातली आख्यायिका खरी. सीनियर निघाला तर मूळ पुरुष रेंजर्समधला, आणि रेजिमेंटपासून सगळं नव्याने शोधायचं. मला तिथे आडवी रेघ दिसते, पण बरोबर त्याच जागेवरून कागदाची घडी गेली आहे, आणि मायक्रोफिल्मवर घडीची सावली आणि शाई सारखीच काळी दिसते.

प्रतिसाद ३, तुम्ही सांगितलंत तसे त्याच कारकुनाचे नऊ अर्ज काढले आहेत. त्यातल्या दोनात ‘सीनियर’ आहे, ‘सार्जंट’ एकातही नाही. सगळ्या प्रतिमा एकत्र करून व्यनिने पाठवते आहे. तुम्ही आणि इतर मोडीवाल्यांनी शेवटचं अक्षर पाहून सांगावं, आणि कृपा करून एकमेकांचं मत न वाचता सांगावं.

आणखी एक. मुलीचं सासरचं आडनाव लिहिलेलं बापाचं मृत्युपत्र मिळालं तर अक्षराचा प्रश्नच उरत नाही. सरोगेट कोर्टांची मृत्युपत्रं १७९३ पासूनची आहेत, तिथे दोन्ही नावं शोधायला घेतली आहेत. हेअर अँड डिव्हायझी कमिशनचे कागद कोणी हाताळले आहेत का? पट्टा मिळायच्या आधीच मूळ धारक वारला किंवा त्याने जमीन विकली, तर वारसांचे दावे तिथे चालत. त्यातले दावे टाउनशिपवार शोधता येतात की नावावरून, एवढं कोणी सांगितलं तरी माझे आठ दिवस वाचतील. शनिवारी नॅपनीला काउंटीच्या संग्रहालयात जाणार आहे, सासूबाई सोबत येणार म्हणून हट्ट धरून बसल्या आहेत.