मदत हवी आहे: यंत्रमागाचं बिल दीडपट आलं, आयोगाकडे जायचं का?

मागवाला_पूर्वभाग
टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग तेवढेच, पाळ्या तेवढ्याच, तरी बिल जवळजवळ दीडपट. वीज कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे, दर वीज नियामक आयोग ठरवतो. आता आयोगाकडे अर्ज करायचा का? मुंबईला जावं लागतं का? बिल नाही भरलं तर कनेक्शन तोडतील. लवकर सांगा.

बॉबिन
वाढलं काय? युनिट, दर, की इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारी रक्कम)? मंजूर भार किती एचपी? सवलतीची वजावट आहे का बिलात?

ऊनच_ऊन
छतावर सोलर टाका अन् मोकळे व्हा. आमच्या घरी ३ किलोवॅट बसवलं, पीएम सूर्यघरमधून ७८ हजार अनुदान मिळालं.

बॉबिन
ती योजना घरगुती जोडणीला आहे हो. त्यांचा कारखाना आहे.

मागवाला_पूर्वभाग
युनिट तेवढेच. भार २५ एचपी. इंधन आकार आधीपण होता. वजावट मात्र यावेळी दिसत नाही.

निवृत्त_अभियंता
मग आयोगाकडे जाऊन उपयोग नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ प्रमाणे दर आयोग ठरवतो, पण यंत्रमागाची सवलत राज्य सरकारची आहे. कलम ६५ म्हणतं, सवलत द्यायची तर सरकारने ती रक्कम कंपनीला आगाऊ भरावी. दर आणि सवलत ही दोन वेगळी खाती आहेत. २७ एचपीच्या आत आणि वर सवलतही वेगळी. वस्त्रोद्योग विभागाकडे मागांची नोंदणी केली आहे का?

साखरपेठकर
दर आयोगाचा, सवलत सरकारची, मग ग्राहकाचं कोण? आपल्या सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशाचा वीज प्रकल्प, राख आपल्याला, आणि वीज महाग!

निवृत्त_अभियंता
ती वीज अनेक राज्यांत जाते, तिचा दर केंद्रीय आयोग ठरवतो. आणि उद्योगाच्या दरात शेतीपंपांच्या स्वस्त विजेचा भार असतो. तो हळूहळू कमी करा, असं कायदाच सांगतो. दरवाढीची याचिका आली की जाहीर नोटीस निघते, तेव्हा हरकत घ्यायची. आपल्याकडून किती कारखानदार घेतात?

मोहोळचा_शेतकरी
शेतीचा भार कसला? रात्री वीज देता, साप-विंचवात पाणी धरतो आम्ही. पंपांच्या नावावर वीजगळती दाखवतात, तिचा हिशेब आधी मागा.

साखरपेठकर
हरकती घेतल्या आहेत आम्ही. ऐकून घेतात, दर वाढायचा तो वाढतोच.

बॉबिन
मागवाले, भांडण बाजूला ठेवा. कलम ५६ मध्ये सोय आहे: बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती 'हरकत राखून' भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कंपनीला अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, पुढे विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

मागवाला_पूर्वभाग
नोंदणी आहे की, वडिलांच्या नावावर. मीटर नुकताच माझ्या नावावर करून घेतला.

निवृत्त_अभियंता
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! नावं जुळत नाहीत म्हणूनच सवलत अडकली असणार. दोन्ही कागद घेऊन आधी वस्त्रोद्योगच्या प्रादेशिक उपायुक्तांकडे जा, नोंदणीत बदल करून घ्या. मंच त्यानंतर.

मागवाला_पूर्वभाग
उद्याच जातो. गेल्या महिन्याची सवलत मागाहून मिळते का, कुणाला मिळाली आहे का?