बिनलेबलाचे ख्रिस्ती मेटल बँड आणि त्यांचे डेमो : दुर्लक्षित, की दुर्लक्ष करण्याजोगे?

चारट्रॅकी (धागाकर्ता)

काडी टाकतोय, पण टाकून पळणार नाही.

ख्रिस्ती मेटल म्हटलं की गाडी स्ट्रायपर या अमेरिकी बँडपासून सुटते आणि बहुतेकांची तिथेच थांबते. पिवळे-काळे पट्टे, प्रेक्षकांत भिरकावलेली बायबलं, १९८६ चा 'टु हेल विथ द डेव्हिल' आणि त्याचा अमेरिकेतला दहा लाखांवर खप. जरा पुढे गेलेले लोक व्हेंजन्स, टूर्निकेट, मॉर्टिफिकेशन ही नावं घेतात. मला बोलायचंय त्याच्याही खालच्या थराबद्दल. ज्यांना लेबल (अल्बम काढणारी कंपनी) कधी मिळालंच नाही, ज्यांचा सगळा संसार तीन-चार गाण्यांच्या एका कच्च्या नमुना कॅसेटवर, म्हणजे डेमोवर मांडला गेला आणि तिथेच मोडला, त्या बँडबद्दल.

माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच जणांना करार मिळाला नाही तो संगीत वाईट होतं म्हणून नव्हे. दारं दोन होती आणि दोन्ही बंद होती. नेहमीच्या मेटल लेबलांना गाण्यात येशू नको होता. ख्रिस्ती लेबलांचा माल खपायचा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला हा गोंगाट नको होता. जिमी स्वॅगर्टसारखे टीव्हीवरचे प्रचारक तेव्हा ख्रिस्ती रॉकवरही तुटून पडत होते. व्हेंजन्सच्या 'ह्यूमन सॅक्रिफाइस'च्या (१९८८) मुखपृष्ठावर खिळा ठोकलेला हात आहे, तर त्यावरूनही त्या दुकानांत कुरबुर झाली. क्रूस गळ्यात चालतो, खिळा चालत नाही! नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

सध्या एक कॅसेट डोक्यात बसली आहे. बँडचं नाव सांगत नाही, ते लोक कुठे आहेत मला माहीत नाही. थ्रॅश (म्हणजे अतिवेगवान मेटल), चार गाणी, चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित. वेग असा की त्या काळातल्या नावाजलेल्या बँडनी तोंडात बोट घालावं. अल्बममध्ये हा कच्चेपणा घासूनपुसून काढला असता.

---

करवत

असहमत. मेल्या म्हशीला मणभर दूध.

दोन दारांची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तारखा बघा. बिलीव्हरचा डेमो १९८७ चा, अल्बम १९८९ मध्ये आर.ई.एक्स. या ख्रिस्ती लेबलकडून, आणि पुढचा तर रोडरनर या नेहमीच्या मेटल लेबलने जगभर नेला. लिव्हिंग सॅक्रिफाइसचा डेमो १९९०, अल्बम १९९१. 'कॅलिफोर्निया मेटल' हा १९८७ चा संग्रह पाहा : डेलिव्हरन्स आणि निऑन क्रॉस यांचा तेव्हा स्वतःचा अल्बमही नव्हता, तरी त्यांना जागा मिळाली. बाजार छोटा होता आणि बरं वाजवणारे त्याहून थोडे. इंटेन्स, आर.ई.एक्स., प्युअर मेटल ही ख्रिस्ती लेबलांची मंडळी जाळं टाकून बसलेली असायची. धर्माबाहेरच्या थ्रॅश बँडला शेकडो बँडांशी टक्कर द्यावी लागे, यांना डझनभरांशी. म्हणजे चाळणी मोठ्या भोकांची होती. त्यातूनही जे वर आले नाहीत, त्यांच्याबद्दल काय समजायचं ते ज्याचं त्याने समजावं.

तुम्हाला आवडतोय तो दुर्मीळपणा. तीच गाणी दुकानात ढिगाने मिळाली असती तर तुम्ही दुसऱ्या गाण्यावर कॅसेट काढून ठेवली असती.

---

मंद्र

पहिलं दारही इतकं काही बंद नव्हतं. ट्रबल या बँडचा पहिला अल्बम १९८४ मध्ये मेटल ब्लेडने काढला, तेच लेबल सैतानी गाण्यांच्या स्लेयरचंही. बायबलच्या ओळी त्यात आहेतच. उलट मेटल ब्लेडनेच त्यांना 'व्हाइट मेटल' असं बिरुद लावून विकलं. आणि ब्लॅक सॅबथचं १९७१ चं 'आफ्टर फॉरेव्हर' ऐका, शब्द चक्क देवाच्या बाजूने आहेत.

---

चारट्रॅकी

@करवत, तुमची सगळी उदाहरणं अमेरिकेतली. तिथे नियतकालिक होतं (ऑस्टिनचं 'हेवन्स मेटल', १९८५ पासून), लेबलं होती, मेटलवाल्यांसाठी पास्टर बॉब बीमनचं सँक्च्युअरी चर्च होतं. त्या रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर कोणीतरी गाडीत घेणारच.

आता नॉर्वेला चला. अँटेस्टर हा बँड घ्या. आधीचं नाव क्रश ईव्हिल, पहिला डेमो १९९१. आजूबाजूला काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ब्लॅक मेटलवाल्यांकडून चर्चेस जाळली जात होती. त्यांचं 'मार्टिरियम' १९९४ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि अधिकृतपणे बाहेर यायला २००० उजाडलं. मधली सहा वर्षं ते फक्त कॉपीवरून कॉपी असं फिरत होतं. १९९४ आणि २००० मध्ये त्या प्रकारचं संगीत किती बदललं ते आठवा. वेळेवर आलं असतं तर त्याला वेगळं स्थान मिळालं असतं. हे मी नावाजलेल्या बँडचं सांगतोय. बिननावाच्यांचं काय झालं असेल?

---

करवत

काय झालं असेल ते तुम्ही कल्पनेने भरताय, हीच तर माझी तक्रार आहे. :)

आणि अँटेस्टरला १९९८ मध्ये कॅकोफोनसने घेतलंच की. क्रेडल ऑफ फिल्थचा पहिला अल्बम काढणारं लेबल ते, त्यांचा चर्चशी काय संबंध? 'हॉर्ड'चा 'हेलिग उस्वार्त' (१९९४) न्यूक्लिअर ब्लास्ट या नेहमीच्या मेटल लेबलने काढला, धमक्या आल्या तरी काढला. ऑस्ट्रेलियात मॉर्टिफिकेशनचं 'ब्रेक द कर्स' १९९० मध्ये डेमो म्हणून फिरलं, १९९४ मध्ये त्याच न्यूक्लिअर ब्लास्टने ते रीतसर छापलं. दार ठोठावणाऱ्याला उघडलं गेलं, हे तर बायबलातच आहे म्हणतात.

---

श्रुतिदोष

दोघांचं वाचतेय, मजा येतेय. मी स्वतः देव मानत नाही, पण या डेमोंची गाणी ऐकते. खरी अडचण कोणी बोलतच नाहीये : शब्द. गाणं रंगात आलेलं असतं आणि मध्येच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) थांबवून एक मिनिट प्रवचन. कडव्यात 'तू नरकात जाशील', ध्रुवपदात 'अजून वेळ गेलेली नाही'. सैतानाचे भक्तही असंच प्रवचन देतात हे मान्य, पण त्यांचं नाटक आहे हे त्यांना आणि आपल्यालाही माहीत असतं. इथे गाणारा मनापासून मला वाचवायला निघालेला असतो, त्यामुळे अवघडल्यासारखं होतं.

तरीही ऐकते, कारण तो मनापासूनपणा डेमोतच सापडतो. अल्बम येईपर्यंत शब्दांना इस्त्री झालेली असते.

---

अझिमथ

धाग्यावर उशिरा आलो. कॅसेटी डिजिटल करणं हा माझा छंद, त्यामुळे जरा यंत्राच्या बाजूने लिहितो. लांबेल.

तुम्ही सगळे बँडबद्दल भांडताय, पण तुमच्या कानावर पडतोय तो बँड नाही. टीॲकने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ आणला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे भरता येणारे चार आवाज. पट्टीचा वेग दुप्पट, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, शिवाय चारही ट्रॅक एकाच दिशेने, म्हणून पट्टी पटकन संपते. आता चार ट्रॅकमध्ये मेटल बँड बसवा. ड्रमला दोन दिले तर गिटार, बेस आणि गळा उरलेल्या दोनात. म्हणून तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे, तिघे मोकळे करायचे, पुन्हा भरायचे. प्रत्येक फेरीत सुरसुर वाढते, आणि एकदा मिसळलेलं परत सुटं होत नाही. बेस ऐकू येत नाही म्हणून बेसवाल्याला शिव्या घालू नका, तो तिसऱ्या गाण्यापर्यंत ड्रमच्या पोटात गेलेला असतो.

ही झाली मूळ पट्टी. तिच्यावरून दुहेरी डेकवर कॉपी, तिच्यावरून पत्रमित्राला कॉपी, त्याच्याकडून आणखी कोणाला. प्रत्येक डेकच्या हेडचा (पट्टी वाचणाऱ्या भागाचा) कोन थोडा वेगळा. तो पट्टीशी जुळला नाही की वरचे स्वर आधी जातात : झांजांचं पीठ होतं, गिटारवर घोंगडी पडते. एकाने डॉल्बी (सुरसुर कमी करणारी सोय) लावून भरायचं, दुसऱ्याने न लावता वाजवायचं. चौथ्या पिढीची कॉपी ऐकून 'बँड गचाळ' म्हणणारा करवत आणि 'काय कच्ची ऊर्जा' म्हणणारा चारट्रॅकी, दोघेही डेकचं परीक्षण करताहेत.

त्यात भर म्हणजे आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर. सुरसुर काढायच्या नादात झांजही जाते आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझं मत, आधी हेड जुळवा, चांगली कॉपी शोधा, मग गप्प बसा.

@चारट्रॅकी, तुमच्या त्या वेगवान कॅसेटबद्दल शंका आहे. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ॲम्प्लिफायरची घरघर ऐकू येते का? ती विजेच्या वारंवारितेवर येते : बँड अमेरिकेतला असेल तर ६० हर्ट्झवर हवी, युरोपातला असेल तर ५०. मोजून सांगा.

---

श्रुतिदोष

दंडवत. वीजमंडळाने तालाची साक्ष द्यायची!

---

निवृत्त बेस

खातं उघडून बरेच दिवस झाले, लिहितोय पहिल्यांदाच. मी अशाच एका बँडमध्ये होतो. हो, ड्रमच्या पोटात गेलेला तो मीच.

दारं बंद होती की उघडी, यावर एवढं लिहिलंत. आम्ही दार ठोठावलंच नव्हतं. आमची कॅसेट लेबलला पाठवण्यासाठी केलेलीच नव्हती. प्रार्थनासभेनंतर पोरांच्या हातात द्यायची, एवढाच हेतू. आतल्या कागदावर बायबलची वचनं आणि पत्रव्यवहाराचा पत्ता. पत्रं आली, उत्तरं लिहिली, त्यातच आमचा निम्मा वेळ जायचा. ते आम्हाला वाजवण्याइतकंच महत्त्वाचं वाटे. नंतर ड्रमरने लग्न केलं, गिटारवाल्याने गिटार विकून गाडी घेतली, संपलं. यात कोणावर अन्याय झाला नाही. 'दुर्लक्षित' हा शब्द वाचून थोडं हसू आलं, थोडा रागही.

दुसरं, ते डेमो कोणालाही न विचारता इंटरनेटवर चढवले जातात. मी आता त्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. व्हेंजन्सचा गायक रॉजर मार्टिनेझ यानेही पुढे सगळ्याकडे पाठ फिरवली, तेही जाहीरपणे, पण त्याला स्वतःचं म्हणणं मांडायला व्यासपीठ होतं. मी एकोणीस वर्षांचा असताना कोणालातरी नरकाची भीती घालत होतो, आणि ते आज एखादा 'अस्सल' म्हणून वाजवतो. मला विचारलं असतं तर मी बहुधा हो म्हटलं असतं. पण कोणी विचारलं नाही.

---

करवत

@निवृत्त बेस, हे माझ्या बाजूने की विरुद्ध, कळत नाहीये. पण 'चाळणीतून वर आले नाहीत' हे वाक्य मागे घेतो. चाळणीत पडलेच नाहीत त्यांना ते लागू नाही. बाकी गाण्यांच्या दर्जाबद्दल मी आहे तिथेच आहे. हेतू थोर असला म्हणून रिफ थोर होत नाही.

---

चारट्रॅकी

@निवृत्त बेस, 'विचारलं नाही' हे मला लागतं. माझ्याकडच्या कॅसेटवर पत्ता आहे. तिथे पत्र पाठवणं मला कधी सुचलंच नव्हतं. आज पाठवलं. पुढे ती कोणालाही देण्याआधी उत्तराची वाट पाहीन.

@अझिमथ, मोजलं. घरघर ६३.५ च्या आसपास आहे. पत्ता अमेरिकेतला.

---

अझिमथ

म्हणजे जवळपास सहा टक्के जलद. जवळजवळ अर्धा स्वर. मूळ यंत्र तरी मंद चालत होतं नाहीतर कॉपी करणारं. वेग उतरवून ऐका.

---

करवत

तोंडात बोट घालायला लावणारा वेग तो हाच का? :)

---

चारट्रॅकी

हाच. हसा.

उतरवून ऐकलं. थ्रॅश आहेच, पण तोंडात बोट घालण्याइतका वेग राहिला नाही, जरा जड वाटतंय. तिसऱ्या गाण्यात गाणारा मला चिरक्या आवाजाचा वाटायचा, तो साध्या, भरदार आवाजात गातोय. आणि बेस ऐकू येतोय.

---

निवृत्त बेस

कुठल्या स्वरात?

---

चारट्रॅकी

आता ई. आधी एफ वाटत होता.

---

निवृत्त बेस

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी सगळे थांबल्यावर बेस एकटाच दोन ठोके पुढे जातो का?