प्रतिसाद: जुनं फायरफॉक्स टाकल्यावर बुकमार्क 'गायब'

भाऊ, काही गेलं नाही तुमचं. नवीन फायरफॉक्स जड वाटलं म्हणून त्यावरच जुनं टाकलं, तर ते नव्याचं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड ठेवायचा फोल्डर) उघडतच नाही. 2019 च्या 67 व्या आवृत्तीपासून ही अडवणूक आहे. तुम्ही 'नवीन प्रोफाइल तयार करा' दाबलं असणार, म्हणून सातबाऱ्यापासून पीक विम्यापर्यंतचे बुकमार्क दिसेनात. आधीचं प्रोफाइल डिस्कवर तसंच आहे.

आधी नवीन आवृत्तीच परत टाका. ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' इंग्रजीत लिहा, विनास्पेस. यादीत बहुतेक 'डिफॉल्ट-रिलीज' नावाचं जुनं प्रोफाइल दिसेल. त्याखालचं 'लाँच' बटण दाबून आत आपलेच बुकमार्क आहेत हे पाहा, मगच डिफॉल्ट करा. नंतर कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून बुकमार्कची खिडकी उघडा अन् तिथून बुकमार्कची एचटीएमएल फाइल पेनड्राइव्हवर घ्या. जेसन हा बॅकअपचा दुसरा प्रकार, तो 'रिस्टोर' केला तर आधीचे बुकमार्क पुसून जागा घेतो. एचटीएमएल आहे त्यात भर घालतं. पासवर्डसाठी प्रोफाइलमधली 'लॉगिन्स.जेसन' फाइल एकटी कामाची नाही, कुलपाची किल्ली 'की4.डीबी' मध्ये असते. दोन्ही लागतात.

सेतू केंद्रावर विंडोज 7 चं मशीन असेल तर फायरफॉक्सची 115 ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती) हीच टाका. पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. आणि तीन-चार मशीन असतील तर पूर्ण इन्स्टॉलर एकदाच उतरवा. छोटा इन्स्टॉलर दरवेळी सगळं नव्यानं ओढतो, अन् हॉटस्पॉटवर गावातलं नेट मधातच गेलं की बसा.