मदत हवी आहे: ईस्ट बेच्या टेकडीवर घरामागे शेकोटी, अंतर आणि परवानगी

घर कॅलिफोर्नियात, ईस्ट बेमध्ये (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला) टेकडीच्या उतारावर. मागचं अंगण ४० बाय ३५ फूट. एका बाजूला घर, तीन बाजूंना लाकडी कुंपण, कोपऱ्यात ओक. कोजागिरीच्या आत विटांचा गोल खड्डा बांधून लाकडं पेटवायची आहेत. नियम काय?

प्रतिसाद १
विटा आणायच्या आधी टेप लावा. फायर कोडच्या (आगीपासून सुरक्षेच्या नियमावलीच्या) कलम ३०७ प्रमाणे उघड्या शेकोटीपासून घर, कुंपण, झुडपं, पेटू शकेल ते सगळं २५ फूट लांब हवं. लाकडांचा ढीग ३ फूट रुंद, २ फूट उंच, त्याहून मोठा नाही. २५ + ३ + २५ = ५३ फूट. तुमच्या अंगणात खड्डा बसतच नाही.

हलवता येणाऱ्या शेगडीला १५ फूट, म्हणजे १५ + ३ + १५ = ३३ फूट. आखून पाहिलं तर बसते, पण ३५ फुटांच्या बाजूला दोन्हीकडे जेमतेम एक-एक फूट उरतो, आणि वर ओकच्या फांद्या आल्या तर तीही जागा बाद. स्वतंत्र घरांना या १५ फुटांतून मूळ कोडमध्ये सूट आहे, पण शहर किंवा फायर डिस्ट्रिक्ट त्याहून कडक नियम लावू शकतं. म्हणून फायर प्रिव्हेन्शन विभागाला पत्ता कळवा, आपण आगीच्या धोक्याच्या कुठल्या हझार्ड झोनमध्ये येतो आणि लाकूड चालतं का, हे ईमेलवर लेखी घ्या. एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर तिथे वेगळं विचारा.

प्रतिसाद २
लाकडाला परवानगी मिळाली तरी बंदीचे दिवस दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांत गल्लत करतात. 'स्पेअर द एअर' अलर्ट हवेच्या प्रदूषणासाठी असतो. तो धुरासारख्या बारीक कणांमुळे असेल तर त्या दिवशी घरात किंवा बाहेर लाकूड जाळता येत नाही, गॅस चालतो. २०१९ पासून हे वर्षभर लागू आहे. 'रेड फ्लॅग वॉर्निंग' हवामान खातं देतं, कोरडी हवा आणि जोराचा वारा असला की. त्या दिवशी गॅसचीही ज्योत लावू नका, अशी कळकळीची विनंती. कोजागिरी नेमकी डायाब्लो वाऱ्यांच्या (इथल्या कोरड्या, जोरदार वाऱ्यांच्या) दिवसांत येते.

१९ ऑक्टोबर १९९१ ला ओकलंडच्या टेकडीवर विझल्यासारखी वाटलेली गवताची आग दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पुन्हा भडकली आणि २५ माणसं गेली. राखेखाली धग टिकते. पाणी ओता, ढवळा, परत ओता, हाताला गार लागेपर्यंत. मग राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून भिंतीपासून १० फूट लांब ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता
मग गॅसचीच घेतो. नदीतले गोटे घरात आहेत, ते वर रचले तर?

प्रतिसाद १
नको! आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन गोटा फुटतो, कपच्या उडतात. लाव्हा रॉक घ्या. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, तेव्हा २० पौंडांचा सिलिंडर बंद कप्प्यात ठेवणार असाल तर झरोके तळाशी हवेत. सिलिंडर बदलला की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह बंद. बागेची नळी जवळ ठेवा, नळ उघडा आणि नोझल बंद, म्हणजे पाणी लगेच मिळेल.