चर्चा: टेबल सॉची फेन्स बदलायची, की आधी ब्लेड सरळ करायचं?

देवदार

नव्यांसाठी: टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडनं लाकूड कापणारं मशीन, आणि फेन्स म्हणजे लाकूड टेकवून सरळ ढकलायची त्यावरची पट्टी. परवा साताऱ्याच्या एका मुलानं विचारलं होतं, "पहिलाच टेबल सॉ घेतला, आता पुढे काय?" त्यावर अमेरिकेतल्या गॅरेजवाला यांचं उत्तर: "मशीनबरोबर येणारी फेन्स म्हणजे नुसती शोभा. चारशे डॉलरची टी-स्क्वेअर फेन्स बसवा, नाहीतर सॉ विकून टाका." तेव्हापासून तो मुलगा अमेरिकेतून फेन्स कशी मागवायची हेच विचारत बसलाय. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी २८ वर्षं टूलरूममध्ये काढली. कुठल्याही मशीनवर आधी हे ठरवायचं की माप कशापासून घ्यायचं. टेबल सॉवर ते टेबलातल्या माइटरच्या खाचेपासून (ब्लेडशेजारची लांब सरळ खाच) घ्यायचं. आधी ब्लेड त्या खाचेला समांतर, मग फेन्स त्याच खाचेला समांतर. हा क्रम उलटा केलात तर सोन्याची फेन्स लावूनही लाकूड जळणारच.

गेल्या महिन्यात एका मित्राचा सॉ पाहिला. सागवानाच्या प्रत्येक पट्टीवर फेन्सच्या बाजूला काळा डाग, आणि तो फेन्सलाच शिव्या घालत होता. प्लग काढला, ब्लेडच्या एका दातावर मार्करनं खूण केली, खाचेत लाकडी पट्टीवर डायल गेज (मिमीचे बारीक भाग दाखवणारं काट्याचं मापयंत्र) बसवला. तो दात पुढे आणून माप घेतलं, मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा घेतलं. तोच दात अशासाठी, की ब्लेड स्वतः थोडं वाकडं असलं तरी मापात चूक येत नाही. फरक निघाला ०.४ मिमी. टेबलाखालचे चार बोल्ट सैल केले, मोगरीनं दोन हलके ठोके, परत कसले. फरक ०.०५ वर आला. पाऊण तास लागला, खर्च शून्य. फेन्स तीच आहे आणि डाग गेले.

नवशिक्याला आधी हे सांगा. खरेदीची यादी नंतर.

गॅरेजवाला

माझं वाक्य कडक होतं, मान्य. पण तुम्ही धरलंय की मी ब्लेड न तपासताच फेन्स घेतली. तसं नाही. डायल गेज माझ्याकडेही आहे.

माझा सॉ ओतीव लोखंडी टेबलाचा, ऐंशीच्या दशकातला, एका म्हाताऱ्याच्या तळघरातून घेतलेला. मोटर अजून गाईसारखी शांत चालते. मूळ फेन्स पत्र्याची, पुढच्या आणि मागच्या दोन्ही दांड्यांना धरणारी. खटका दाबला की पुढचं टोक आधी पकडायचं आणि मागचं ब्लेडकडे सरकायचं. दर वेळी तेवढंच सरकलं असतं तर मी जुळवून घेतलं असतं, पण ते दर वेळी वेगळं सरकायचं. स्वयंपाकघराची १४ शटर्स कापली, त्यातली ५ वेगळ्या रुंदीची निघाली. बायकोनं बिजागऱ्या लावताना दाखवली.

बीसमायर (फेन्सचा एक ब्रँड) पद्धतीची टी-स्क्वेअर फेन्स फक्त पुढच्या दांडीवर पकडते. जाड चौकोनी नळी, तिला आडवा रुंद टी. टी दांडीला चिकटला की मागचं टोक आपोआप जागेवर येतं. आता मी टेपनं मापतच नाही. पट्टीवरची रेघ पाहतो, खटका दाबतो, कापतो. तुम्ही सांगता ते संरेखन एकदाच होतं. फेन्स दिवसातून पन्नास वेळा हलते.

सुतारकीचा_वारस

दोघांचं वाचलं. आमचा कारखाना कोल्हापूरजवळ, आजोबांपासून. आमच्यात तिला फेन्स कोणी म्हणत नाही, गाइड म्हणतात. वडिलांनी वीस वर्षं गाइड म्हणून सागवानाची रंधलेली पट्टी आणि दोन सी-क्लॅम्प वापरले. पुढे माप, मागे माप, क्लॅम्प आवळा, काप. त्या पट्टीवर कापलेले देव्हारे आजही लोकांच्या घरात आहेत, कमानीत केस जाणार नाही.

आणि चारशे डॉलर म्हणजे नुसते चारशे डॉलर नाहीत. दोन मीटरच्या दांड्या, जड पेटी, भाडं, कस्टम. साताऱ्यात पोचेपर्यंत मशीनपेक्षा गाइड महाग. शिवाय त्या पोराचा सॉ सुटसुटीत, घडीच्या दांड्यांचा. त्याला ती बसतच नाही.

मी दोन वर्षांपूर्वी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ३ बाय २ इंची बॉक्स पाइपची टी-गाइड करून घेतली. साडेतीन हजार, त्यात खटक्याचा कॅमही (दाबला की आवळणारा भाग) आला. वेल्डिंगनं टी खेचला गेला, म्हणून आतून दोन बोल्ट टाकून जुळवला. दिवसाला तीस शीट कापतो.

देवदार

वारस, हे काम छान आहे. जुळवताना एक सांभाळा. ते दोन बोल्ट एकमेकांपासून साधारण २०० मिमीवर असतील, गाइड ७०० मिमी लांब. एम-६ बोल्टचा आटा १ मिमीचा, म्हणजे पाव फेऱ्याला बोल्ट पाव मिमी पुढे जातो, पण गाइडचं मागचं टोक जवळजवळ ०.९ मिमी सरकतं. म्हणून पाव नव्हे, एक-अष्टमांश फेरा, आणि प्रत्येक वेळी खटका दाबून माप.

गॅरेजवाला, दोन्ही टोकांना धरणाऱ्या पत्र्याच्या फेन्सबद्दल तुमचं बरोबर आहे. ती बदलावीच लागते. पण त्या मुलाची फेन्स तशी नाही, आणि तुम्ही त्याला न विचारता सांगितलंत.

अर्धा_सूत

माझं ऐका, फेन्स-बिन्स नंतर. खरा घोळ मापांचा आहे. प्लाय ८ बाय ४ फूट. जाडी मिलिमीटरमध्ये. मिस्त्री सांगतो "दोन सूत कमी कर". इंटिरियरवाली ताई ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये देते आणि साइटवर फुटात बोलते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. मिस्त्री तो ३ धरतो. चार सुतांत अर्धा मिमीपेक्षा जास्त गेलं, मग ड्रॉवर अडकतो आणि दोष मशीनला. त्या इन्क्रा कंपनीच्या फेन्समध्ये दात आहेत, इंचाच्या बत्तिसाव्या भागावर खट्कन बसते, मिलिमीटरचीही मिळते. ती घेऊन तरी काय, सांगणारा सुतात सांगणार आणि कापणारा मिमीत वाचणार. आधी एकच माप ठरवा!

सुतारकीचा_वारस

सुताला नावं ठेवू नका. सूत आणि दोरा या मापांत माझ्या आजोबांनी वाडे उभे केले. मिस्त्री ३.१७५ धरत नाही कारण तो आकड्यावर कापतच नाही, समोरचा तुकडा ठेवून कापतो. तुकड्यावर तुकडा. त्यात चूक साठत नाही.

मृणाल_क

हे सगळं अचूकतेवर चाललंय. मला वेगळं बोलायचंय, कारण फेन्स वाकडी असली की फक्त ड्रॉवर अडकत नाही.

मार्चमधली गोष्ट. लाकडात खाच पाडायला मी ब्लेडचं झाकण आणि त्यामागचा रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारं पातळ पातं) काढला होता. खाच झाली. मग "एकच पट्टी तर कापायचीय" म्हणून नाइफ परत न लावता सागवान चिरायला घेतलं. फेन्सचं मागचं टोक किंचित ब्लेडकडे होतं, ते मला नंतर कळलं. पट्टी अर्ध्यावर गेली आणि लाकडानं कापाच्या मागे ब्लेडला चिमटा घेतला. मागचे दात वर येत असतात, त्यांनी पट्टी उचलली आणि माझ्या अंगावर फेकली. १० इंची ब्लेड मिनिटाला ३६५० फेरे फिरतं तेव्हा दाताचा वेग ताशी १७५ किलोमीटर भरतो, हा हिशोब मी दवाखान्यातून आल्यावर केला. पट्टी पोटावर बसली. मुठीएवढा काळानिळा वण महिनाभर होता. नंतर ती उडून मागच्या पत्र्याच्या डब्यावर आदळली, डब्याला खोक पडली. तो डबा मी ठेवलाय.

त्यामुळे कुणी नवा आला की माझं उत्तर फेन्स नाही आणि डायल गेजही नाही. रायव्हिंग नाइफ लावा.

सुतारकीचा_वारस

ताई, वाईट झालं. पण आमच्याकडे मशीन आलं की दुसऱ्या दिवशी झाकण आणि नाइफ दोन्ही खोक्यात जातं. खाच पाडायची असते, झाकणानं रेघ दिसत नाही, आणि पार्टी बाहेर उभी असते. हाताला सवय असली की काही होत नाही. शौकिया माणसाची गोष्ट वेगळी.

मृणाल_क

सवय माझ्या पोटावर बसलेल्या पट्टीला कशी कळणार? आणि सवय तुम्हाला असेल. मशीनवर मदतीला पोरं असतात, त्यांना किती महिन्यांची सवय असते?

सुतारकीचा_वारस

माझ्या पोरांवर यायचं नाही. त्यांची घरं या कारखान्यावर चालतात. गॅरेजमध्ये रविवारी एक स्टूल करणाऱ्यांनी आम्हाला सुरक्षा शिकवू नये.

गॅरेजवाला

इथे अमेरिकेत दर वर्षी ३० हजारांच्या आसपास लोक टेबल सॉनं जखमी होऊन इमर्जन्सीत जातात. त्यात सवयीचे कमी नसतात. म्हणून तर स्टीव्ह गॅसनं १९९९ मध्ये सॉस्टॉपची कल्पना काढली, बोट लागताच काही मिलिसेकंदांत ब्लेड थांबतं. ब्लेड आणि ब्रेकचं काडतूस दोन्ही बाद होतात, बोट वाचतं. मला परवडत नाही, म्हणून मी निदान फेन्स तरी...

देवदार

पुन्हा फेन्स! चांगली फेन्स अपघात कमी करते, नाइफचं काम करत नाही. आणि वारस, रागावू नका, पण नाइफ काढायचं कारण तुम्ही सांगितलंत ते झाकणाचं आहे. झाकण काढा, नाइफ राहू द्या. खरा रायव्हिंग नाइफ ब्लेडच्या टोकापेक्षा किंचित खाली असतो आणि ब्लेडबरोबर वरखाली होतो. खाच पाडतानाही तो आड येत नाही. आड येतो तो जुना, उंच, एका जागी ठोकलेला स्प्लिटर. लोक दोघांना एकच समजतात आणि दोन्ही फेकतात. टूलरूममध्ये कुणी गार्ड काढलेला दिसला तर मी मशीन बंद करायचो, प्रॉडक्शन मॅनेजर ओरडला तरी. कोणी किती वर्षांचा कारागीर आहे हे विचारायचो नाही.

अर्धा_सूत

नाइफची जाडी तरी सगळे मिमीतच सांगतात ना? तेवढं बरंय.

मृणाल_क

सातारकरांसाठी एक, कारण मूळ प्रश्न त्यांचा. भरीव लाकूड चिरताना मी आता फेन्सला १८ मिमी प्लायची आखूड पट्टी लावते, ब्लेडच्या मध्याजवळ संपणारी. युरोपात जुनी पद्धत आहे. सागवानाच्या पोटात ताण असतो, कापल्यावर पट्टी उघडते, आणि पुढे मोकळी जागा असली की ती फेन्स आणि ब्लेडमध्ये अडकत नाही. प्लाय कापताना पट्टी काढते. खर्च एका तुकड्याचा.

गॅरेजवाला

आखूड पट्टीचं मला माहीत नव्हतं. चारशे डॉलर घालूनही मी भरीव लाकूड लांब फेन्सवरच चिरत होतो. आज करून बघतो. सातारकर, माझं "सॉ विका" मागे घेतो. फेन्स दर वेळी एकाच जागी पकडते का ते आधी दहादा पकडून मोजा. पकडत असेल तर काही घेऊ नका. पकडत नसेल तर माझं म्हणणं कायम आहे.

सुतारकीचा_वारस

रात्रीचं लिहितोय. मघाशी बोललो ते "काही होत नाही" खरं नव्हतं.

वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. १९९८. गाइड नीट होती, ब्लेड नवं होतं. संध्याकाळी ट्रक उभा होता, ब्लेडजवळ अडकलेला छोटा तुकडा त्यांनी हातानं काढायला घेतला. पुश स्टिक, म्हणजे हात लांब ठेवून लाकूड ढकलायची काठी, खिळ्याला टांगलेली होती, दोन पावलांवर. आजही ते लाकूड धरतात तेव्हा अंगठा आणि अनामिकेत धरतात, इतकं सहज की नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. म्हणून मला वाटत आलं की ते सवयीनं बरे झाले. तसं नाही, त्यांनी हात नव्यानं शिकवला.

मृणालताई, पोरांबद्दल तुम्ही बरोबर विचारलंत. मला राग आला कारण उत्तर नव्हतं.

नाइफ शोधला. खोक्यात होता, गंज चढलाय, घासून काढला. व्हर्निअरनं २.३ मिमी जाड भरला. माझ्या नव्या ब्लेडचा काप (दातांनी पडणारी फट) २.४ आणि ब्लेडची पाटी (दातांखालचा पत्रा) १.६. देवदार काका, चालेल?

देवदार

दोन आकड्यांच्या मधे आहे, पण फार काठावर. ०.१ चा वाव म्हणजे एका बाजूला ०.०५. नाइफ केसभर वाकडा बसला तरी लाकूड त्याला घासत जाईल, पोरगा जोरानं ढकलेल, आणि हात ब्लेडकडे जाईल. घासून २.० करू नका, कडक पोलाद असतं, एकसारखं उतरत नाही. त्यापेक्षा २.८ किंवा ३ मिमी कापाचं ब्लेड लावा, पण त्याची पाटी २.३ पेक्षा पातळच हवी. बसवल्यावर सरळ पट्टी ब्लेडला आणि नाइफला एकदम लावून दोन्ही बाजूंनी पाहा, नाइफ दातांच्या रुंदीच्या आतच राहिला पाहिजे.

आणि पहिली पट्टी चिरताना त्या पोरांना शेजारी उभं करा, मागे नको.